निःश्वासपरीक्षण आणि जीर्ण फुप्फुसविकार : वैद्याने काय जाणावे, काय गृहीत धरू नये



तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून पन्नाशी उलटलेल्या एक मावशी आमच्याकडे येत असत. कास, कफष्ठीवन, चढण चढताना धाप, आणि आषाढ लागला की रात्र रात्र उशाला टेकून बसणे, अशी लक्षणे होती. आम्ही तमकश्वास असे निदान करून चिकित्सा सुरू केली. कफ सुटे, झोप लागे, परंतु धाप पूर्ण हटत नसे. पुढे त्यांचा भाचा त्यांना पुण्यास एका शिबिरात घेऊन गेला. तेथे एका लहानशा यंत्रात फुंकर मारावयास लावून एक आकडा देण्यात आला : १७. "आकडा नॉर्मल आहे" एवढेच घरच्या मंडळींच्या लक्षात राहिले. कागद आमच्याकडे आला तेव्हा आम्हीही मान डोलावली. मावशींनी औषध थांबविले, चूल मात्र थांबली नाही. वर्षभराने त्या परत आल्या, तेव्हा विहिरीवरून एक हंडा आणताना दोन वेळा थांबावे लागत होते.

त्या आकड्याचा अर्थ आम्हांस त्या वेळी नीट ठाऊक नव्हता, ही कबुली प्रथम देऊन मगच प्रस्तुत लेखास आरंभ करणे योग्य होईल. निःश्वासातील द्रव्यांवरून रोग ओळखण्याची यंत्रे आता शहरांत स्थिरावली असून शिबिरांतून ती आपल्या खेड्यांपर्यंतही पोहोचू लागली आहेत. रुग्ण तो कागद घेऊन आपल्याकडेच येणार. म्हणून या परीक्षेचे बल कोणते आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे केला आहे.

गंधपरीक्षा आपणांस नवी नाही

रुग्णाच्या गंधाचे परीक्षण आपल्या शास्त्रास परके नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात रस वगळता उर्वरित सर्व विषय इंद्रियांनी प्रत्यक्ष जाणावेत असे सांगितले आहे, त्यात घ्राणेंद्रिय आलेच. सुश्रुताचार्यांनी षड्विध परीक्षेत पाच इंद्रिये व प्रश्न यांचा समावेश केला आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पुष्पितक नावाचा अध्याय तर रुग्णशरीराच्या गंधावरून अरिष्टज्ञान कसे करावे याचाच विचार करतो. रक्तपित्ताच्या पूर्वरूपांत निःश्वासास लोहासारखा गंध येतो, हे सुश्रुतसंहितेतील निरीक्षण आपण पदवीच्या काळात पाठ केलेले असते. पाश्चात्त्य वैद्यकातही मधुमेहाच्या गंभीर अवस्थेतील फळासारखा गंध आणि यकृत निकामी होत असतानाचा विशिष्ट गंध यांची नोंद जुनीच आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. पूर्वाचार्यांनी नासिकेने जे जाणले आणि आज यंत्र जे मोजते, ते एकच आहे असे म्हणणे उचित नव्हे. यंत्राने मोजली जाणारी बहुतेक द्रव्ये इतकी अल्प असतात की मानवी नाकास त्यांचा गंध येत नाही. "हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते" असे म्हणण्यापेक्षा, निःश्वास हा रुग्णाच्या अंतःस्थितीचा साक्षीदार असतो ही दृष्टी आपल्याकडे होती असे म्हणावे. तेवढे खरे आहे आणि पुरेसेही आहे.

निःश्वासात असते तरी काय?

आपण एका सामान्य श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातील अंदाजे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून निःश्वासाचा पहिला भाग नलिकांचा आणि नंतरचा भाग वायुकोशांचा असतो. कोणता भाग यंत्रात गेला यावर परिणाम बदलतो. या चाचणीत फुंकर कशी मारावी याला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानात यावे.

निःश्वासात नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे मुख्य घटक होत. यांखेरीज शेकडो द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. १९७१ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निःश्वास थंड नळीत साठवून वायुवर्णलेखन पद्धतीने तपासला, तेव्हा सुमारे २५० निरनिराळी बाष्पशील द्रव्ये त्यात आढळली. आधुनिक निःश्वासपरीक्षणाचा आरंभ बहुधा येथूनच मानला जातो. ही द्रव्ये अब्जात एक भाग, कधी त्याहूनही कमी, अशा मापाने मोजतात.

जीर्ण फुप्फुसविकारांच्या संदर्भात या द्रव्यांचे चार गट करता येतील : नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये आणि वाफ थंड करून मिळणाऱ्या द्रवातील घटक.

नायट्रिक ऑक्साइड : तो '१७' कशाचा होता?

१९९१ साली स्वीडनमधील संशोधकांना मनुष्याच्या निःश्वासात नायट्रिक ऑक्साइड आढळला आणि दोनच वर्षांत दम्याच्या रुग्णांत त्याचे प्रमाण वाढते हे स्पष्ट झाले. या वायूच्या शरीरातील कार्याविषयीच्या संशोधनास १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो मोजणाऱ्या पहिल्या यंत्रास मान्यता दिली. या चाचणीस संक्षेपाने 'फेनो' म्हणतात.

वाढीचे कारण असे : अॅलर्जीच्या स्वरूपाचा, इओसिनोफिल पेशींचे प्राबल्य असलेला शोथ श्वासनलिकांत असला की तेथील आवरणपेशींत हा वायू बनविणारे विकर जागृत होते. स्टिरॉइडचा फवारा सुरू केला की शोथ शमतो आणि आकडाही उतरतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांत अब्जात २५ भागांपेक्षा कमी म्हणजे असा शोथ असण्याची शक्यता कमी आणि ५० पेक्षा अधिक म्हणजे शक्यता अधिक. बालकांसाठी हे आकडे २० आणि ३५ असे आहेत. मधला आकडा आल्यास लक्षणांच्या आधारे विचार करावा लागतो.

आता मावशींच्या कागदाकडे वळू. १७ या आकड्याचा अर्थ एवढाच होता की अॅलर्जीच्या प्रकारचा शोथ असण्याची शक्यता कमी आहे आणि स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा मोठा लाभ होण्याची शक्यताही कमी आहे. फुप्फुस निरोगी आहे, असे तो आकडा सांगत नव्हता. धुराने जीर्ण झालेल्या फुप्फुसात, ज्यास आपण सीओपीडी म्हणतो, शोथ बहुधा न्यूट्रोफिल पेशींचा असतो. त्यात हा वायू फारसा वाढत नाही, किंबहुना धूम्रपान करणाऱ्यांत तो कमीच आढळतो. म्हणजे नलिका अरुंद झालेल्या असतानाही आकडा 'नॉर्मल' येऊ शकतो. आमची चूक नेमकी येथे झाली. एका प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर समजून वाचले.

कार्बन मोनॉक्साइड : काही तासांची साक्ष

निःश्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र तुलनेने सोपे असून तंबाखूमुक्ती केंद्रांत ते वापरतात. विडी ओढणाऱ्याचा आकडा चढलेला असतो आणि ओढणे सोडल्यावर तो एक-दोन दिवसांत उतरतो. रुग्णास स्वतःच्या डोळ्यांनी फरक दिसतो, हा या यंत्राचा मोठा गुण होय.

परंतु ज्या स्त्रीने सकाळी बंद खोपीत चुलीवर भाकऱ्या भाजल्या, तिचाही आकडा दुपारी चढलेला असू शकतो. हा वायू रक्तातून निम्मा होण्यास विश्रांतीत सुमारे चार ते पाच तास लागतात. म्हणून हा आकडा गेल्या काही तासांत किती धूर शरीरात गेला हे सांगतो, गेल्या तीस वर्षांत फुप्फुसाचे काय झाले हे सांगत नाही. "तुम्ही चोरून विडी ओढता" असा आरोप केवळ या आकड्यावरून कोणावरही करू नये.

बाष्पशील द्रव्ये आणि 'श्वासठसा'

धूर व शोथ यांमुळे पेशींच्या आवरणातील स्निग्ध अंशाचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून इथेन, पेंटेन व काही अल्डिहाइड द्रव्ये सुटतात. ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्लांपासून इथेन, तर ओमेगा-६ वर्गातील स्निग्धाम्लांपासून पेंटेन निर्माण होते. २००० च्या सुमारास सीओपीडीच्या रुग्णांत निःश्वासातील इथेन वाढलेले आढळल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास निःश्वासाची वाफ थंड करून मिळालेल्या द्रवात आठ-आयसोप्रोस्टेन हे ऑक्सिडीकरणाचे चिन्ह वाढल्याचे दिसून आले. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाढ तर १९९६ सालीच नोंदविली गेली होती. रुग्ण दहा-पंधरा मिनिटे नळीतून शांतपणे श्वास सोडत बसला की एक-दोन मिलिलिटर द्रव जमतो, सुई टोचावी लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक नाक'. यात एकेक द्रव्य न ओळखता अनेक संवेदकांचा एकत्रित प्रतिसाद घेऊन त्याचा ठसा बनवितात. २००९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दमा आणि सीओपीडी यांचे श्वासठसे वेगळे ओळखता येतात असे दाखविले. कोविडच्या काळात, एप्रिल २०२२ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाच बाष्पशील द्रव्यांवर आधारलेल्या एका श्वासचाचणीस आपत्कालीन परवानगी दिली. तथापि होकारार्थी निष्कर्ष आल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करावी अशी अट होतीच.

एवढे असूनही सीओपीडीच्या नित्य निदानात या द्रव्यांना अद्याप स्थान का नाही? रुग्णसंख्या लहान, प्रत्येक प्रयोगशाळेची हवा गोळा करण्याची रीत निराळी, खोलीतल्या हवेचीच द्रव्ये निःश्वासात मिसळलेली आणि एका ठिकाणचा ठसा दुसऱ्या ठिकाणी तसाच मिळेल याची खात्री नाही, ही कारणे होत. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०१७ साली या मापनांसाठी तांत्रिक मानके प्रसिद्ध केली, ती ही विस्कळितता कमी व्हावी म्हणूनच. संशोधन आशादायक आहे, परंतु आशा म्हणजे निदान नव्हे.

आपल्या मावळातला प्रश्न

वेल्हे तालुक्याचे अधिकृत नाव २०२४ पासून राजगड झाले आहे, परंतु घरातला धूर जुनाच आहे. पावसाळ्याचे चार महिने दारे-खिडक्या मिटलेल्या, ओली लाकडे, वर सुकत घातलेले धान्य आणि चुलीपुढे बसलेली गृहिणी. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात तेव्हा शेतावरही धूर असतोच. गॅसची शेगडी अनेक घरांत आली, तरी पाणी तापविणे आणि भाकरी चुलीवरच, असे आपण पाहतो.

याविषयीचे महत्त्वाचे काम आपल्याच पुण्यात झाले आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन या पुण्यातील संस्थेचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर विस्तृत लेख लिहिला. सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते आणि जगात सुमारे ३०० कोटी लोक जैव इंधनाच्या धुरात वावरतात, हे त्यांनी पुढे मांडले. भारतातील रोगभाराच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातील सीओपीडीचे रुग्ण १९९० साली २.८१ कोटी होते, ते २०१६ साली ५.५३ कोटी झाले. या रोगाच्या भारापैकी ५३.७ टक्के भाग वायुप्रदूषणाशी, तर २५.४ टक्के भाग तंबाखूशी निगडित होता. सीओपीडीविषयीच्या जागतिक मार्गदर्शनानेही २०२३ पासून जैव इंधन व प्रदूषणजन्य सीओपीडी हा स्वतंत्र कारणप्रकार मानला आहे.

चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाच्या हेतूंत रज आणि धूम यांचा उल्लेख केला आहे. तरीही आपण हेतुप्रश्न विचारताना विडी-तंबाखूपाशी थांबतो. मावशींनी आम्हांस एकदा विचारले होते, "डॉक्टर, म्या कवा इडी वढली न्हाय, मंग ह्यो दमा माज्याच वाट्याला का?" या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात होते आणि ते आम्ही विचारलेच नव्हते.

आपल्या औषधांमुळे आकडा बदलू शकतो

पुढील मुद्दे इतर वैद्यकीय शाखांच्या लेखांत सहसा आढळणार नाहीत, म्हणून येथे विस्ताराने देतो.

एक, आसव-अरिष्टे. कनकासव, द्राक्षारिष्ट यांसारख्या कल्पांत संधानाने उत्पन्न झालेले मद्य असते. घेतल्यानंतर काही काळ ते निःश्वासात उतरते. बाष्पशील द्रव्यांची चाचणी असल्यास त्याचा परिणाम बिघडू शकतो.

दोन, सुगंधी द्रव्ये. कापूर, निलगिरी, पुदिन्याचे फूल, लवंग, तुळस यांतील तेले बाष्पशील असून ती निःश्वासातून बाहेर पडतात. लसणातील गंधकयुक्त द्रव्य तर रक्तात शोषले जाऊन फुप्फुसांवाटे कित्येक तास येत राहते. चूळ भरल्याने ते जात नाही.

तीन, धूमपान आणि धूपन. औषधी असला तरी धूर हा धूरच. त्याने कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो. ज्याचे फुप्फुस धुरानेच क्षीण झाले आहे अशा रुग्णास धूमपान योजताना तारतम्य ठेवावे, असे आमचे मत आहे. शास्त्रात विधान आहे म्हणून प्रत्येक रुग्णास ते योग्य ठरत नाही.

चार, आहार व लंघन. पालेभाज्यांतील नायट्रेटमुळे फेनोचा आकडा वाढू शकतो. उपवासात निःश्वासातील अॅसिटोन वाढते.

म्हणून रुग्ण चाचणीस जाणार असेल तर निदान एक तास काही खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये, श्रम करू नयेत आणि घेत असलेली सर्व औषधे, आपलीही, तेथे सांगावीत. फेनो आणि स्पायरोमेट्री दोन्ही करावयाच्या असल्यास फेनो आधी करावी, कारण जोरात फुंकण्याने त्याचा आकडा बदलतो. कोणतेही फवारे केवळ चाचणीसाठी स्वतःहून बंद करू नयेत.

निदानाचा क्रम

सीओपीडीचे निदान आजही स्पायरोमेट्रीनेच होते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात सोडलेली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असेल तर नलिकांत कायमचा अवरोध आहे असे मानतात. दीर्घकालीन कास, धाप आणि धूर वा धूळ यांचा इतिहास असलेल्या चाळिशीपुढील प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी व्हावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयासाठी थुंकीची तपासणी त्याआधीच करून घ्यावी. फेनो ही पूरक चाचणी आहे. दम्याचा अंश कितपत आहे आणि स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा उपयोग होईल काय, हे ठरविण्यास ती साहाय्य करते.

शास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर सर्व श्वास हा तमक नव्हे. वेगाने येणारा व वेगांमध्ये बराचसा शमणारा श्वास वेगळा आणि वर्षानुवर्षे धुराने प्राणवह स्रोतसांत संग व क्षय होऊन श्रमाने वाढणारा श्वास वेगळा. दोहोंत साध्यासाध्यता निराळी, म्हणून रुग्णास दिले जाणारे आश्वासनही निराळे असावे.

दुकानदार मित्रांस

आपल्या दुकानी खोकल्याचे औषध महिनोन्महिने नेणारा ग्राहक हा आपल्याच नजरेस प्रथम पडतो. त्यास "घरी चूल आहे का? चढण चढताना थांबावे लागते का?" एवढे दोनच प्रश्न विचारून वैद्याकडे पाठवावे. कनकासवात धोत्रा आहे. आधुनिक औषधांपैकी टायोट्रोपियमसारखा फवारा चालू असणाऱ्यास ते दिल्यास मुखशोष, मूत्रावरोध यांसारखी लक्षणे वाढू शकतात. काचबिंदू वा पुरुषग्रंथीचा विकार असल्यास तर वैद्याच्या सल्ल्याविना ते देऊच नये. श्वास तपासण्याचे यंत्र दुकानात ठेवण्याविषयी विक्रेते येतील. ते यंत्र नेमके कोणते द्रव्य मोजते, कोणत्या रोगासाठी त्यास मान्यता आहे आणि आकडा आल्यावर पुढे काय करावयाचे, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याविना ते घेऊ नये.

समारोप

मावशींची स्पायरोमेट्री पुढे करविली. गुणोत्तर ०.५८ आले. छातीविकारतज्ज्ञांनी फवारा दिला, तो आम्ही चालू ठेवला. सोबत वासा-पिप्पलीयुक्त कल्प, पथ्य आणि श्वसनाचे व्यायाम दिले. भाच्याने चुलीच्या वर कौले उचलून धुराडे काढले आणि पाणी तापविण्याचे काम अंगणात नेले. गेलेले बळ सर्व परत आले नाही आणि तसे वचन आम्ही दिलेही नव्हते. परंतु आता हंडा घेऊन येताना त्या एकदाच थांबतात आणि आषाढातली झोप त्यांना मिळते.

पहिल्याच भेटीत चुलीविषयी विचारून स्पायरोमेट्रीस पाठविले असते तर हाती आणखी काही वर्षे राहिली असती, ही रुखरुख आमच्या मनात आहे. यंत्र चुकले नव्हते. त्यास जे विचारले होते तेवढेच त्याने सांगितले. उरलेले विचारणे हे वैद्याचे काम होते. रुग्ण जेव्हा श्वासचाचणीचा कागद आपल्या हाती देईल, तेव्हा आकडा वाचण्यापूर्वी हा आकडा कोणत्या द्रव्याचा आणि कोणत्या प्रश्नाचा आहे एवढे प्रत्येकाने पाहावे, ही विनंती करून लेखणी आवरती घेतो. इत्यलम्.